ईसीयू काढून ठेवला, तर चोरीपासून संरक्षण उरते का?

या वेळच्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत: इंजिनाचा संगणक गाडीतून काढला किंवा बदलला, तर चोरीविरोधी व्यवस्थेचे काय होते? पुढच्या तिन्ही उत्तरांचा पाया पहिल्या उत्तरात असल्यामुळे ते जरा विस्ताराने दिले आहे.

प्रश्न : माझी गाडी पुढचे चार-पाच महिने एकाच जागी उभी राहणार आहे. एका परिचितांनी सुचवले की, इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, काढून घरात ठेवावा. तो नसला की गाडी कोणालाच सुरू करता येणार नाही. हे खरे आहे का? तो काढल्यावर अलार्म, सेंट्रल लॉकिंग आणि चावीतल्या चिपची सुरक्षा चालू राहील का? परत बसवल्यावर गाडी माझी चावी ओळखेल का?

उत्तर : ईसीयू काढलेली गाडी स्वतःच्या बळावर सुरू होणार नाही, एवढे खरे आहे. आजच्या पेट्रोल इंजिनात इंधन किती फवारायचे आणि ठिणगी कोणत्या क्षणी पाडायची, हे दोन्ही निर्णय हाच संगणक घेतो. डिझेल इंजिनातही इंजेक्टर त्याच्याच हुकमाने उघडतात. मात्र गाडी सुरू न होणे म्हणजे ती चोरीपासून सुरक्षित असणे नव्हे, आणि परिचितांच्या सल्ल्यात हीच बाजू सुटली आहे.

गाडीत एकच संगणक असतो, हा समज प्रथम बाजूला ठेवावा लागेल. इंजिनाचा ईसीयू, दारे-दिवे-अलार्म सांभाळणारा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, ब्रेकच्या एबीएसचा, एअरबॅगचा आणि डॅशबोर्डच्या मीटरचा संगणक असे अनेक डबे वेगवेगळ्या जागी बसवलेले असतात आणि ते एका सामाईक तारजोडीवरून एकमेकांशी बोलत राहतात. बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे मांडलेली ‘कॅन’ ही पद्धत आज बहुतेक गाड्यांत या कामासाठी वापरली जाते. चोरीविरोधी व्यवस्था या डब्यांत वाटलेली असते. दार जबरदस्तीने उघडले गेल्याचे ओळखून भोंगा वाजवणे हे बॉडी मॉड्यूलचे काम आहे. चावी खरी की खोटी हे तपासण्याचे काम इमोबिलायझरचे आहे; तो कधी स्वतंत्र डबा असतो, कधी बॉडी मॉड्यूलमध्ये, तर कधी मीटरमध्ये सामावलेला असतो. इंजिन चालू देण्याचा किंवा न देण्याचा अखेरचा अंमल मात्र ईसीयूकडे असतो.

ही तपासणी कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. चावीच्या मुठीत एक बारीक चिप असते आणि तिला स्वतःची बॅटरी नसते. चावी फिरवली की कुलपाभोवतीचे तारेचे वेटोळे साधारण 125 किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते; त्या क्षेत्रातूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख सांगते. सुरुवातीच्या चिपा दर वेळी तोच एक ठरलेला क्रमांक सांगत. नंतरच्या व्यवस्थेत गाडी दर वेळी नवा आकडा पाठवते आणि चिपने गुप्त किल्लीच्या साहाय्याने त्यावर प्रक्रिया करून योग्य उत्तर द्यावे लागते. त्यामुळे आजचे उत्तर चोरून ऐकले, तरी उद्या ते उपयोगी पडत नाही. चावी पटली की इमोबिलायझर ईसीयूला तसे कळवतो, आणि अनेक गाड्यांत ईसीयू त्या इमोबिलायझरचीही खातरजमा करून घेतो. म्हणजे चावी, इमोबिलायझर आणि ईसीयू या तिघांची एकमेकांशी कारखान्यातच घालून दिलेली ओळख असते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. ईसीयू काढल्याने दारांचे सेंट्रल लॉकिंग, रिमोट आणि अलार्म बहुतेक गाड्यांत तसेच चालू राहतात, कारण ते दुसऱ्या डब्याच्या अखत्यारीत आहेत. कुलूप आणि यांत्रिक स्टिअरिंग लॉक यांचाही ईसीयूशी संबंध नाही. इग्निशन चालू केल्यास डॅशबोर्डवर बरेच दिवे पेटलेले दिसतील, कारण ब्रेक आणि स्टिअरिंगच्या संगणकांना इंजिनाची खबर मिळेनाशी होते. संगणकांतील बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यास यू0100 हा कोड मिळतो. इंजिनाच्या संगणकाशी संपर्क तुटला, असा त्याचा अर्थ. तोच ईसीयू त्याच गाडीत परत बसवला, की ओळख पूर्ववत जुळते. इमोबिलायझरचे गुप्त क्रमांक वीज नसतानाही पुसले न जाणाऱ्या स्मृतीत लिहिलेले असतात. ईसीयू चार महिने कपाटात राहिला म्हणून ते विसरले जात नाहीत. विसरले जाते ते दुसरेच काहीतरी: इंजिनाच्या झिजेप्रमाणे ईसीयूने काळाच्या ओघात शिकून घेतलेली इंधनाची आणि आयडलिंगची बारीक दुरुस्ती. त्यामुळे पहिले काही किलोमीटर इंजिन थोडे अडखळत चालणे शक्य आहे. ते आपोआप सुधारते.

असे असूनही माझे मत या उपायाच्या विरोधात आहे. इमोबिलायझर असलेली तुमची गाडी ईसीयू जागेवर असतानाही खऱ्या चावीवाचून सुरू होत नाही. चावीवर चालणाऱ्या गाडीतून ईसीयू काढणे म्हणजे कुलूप लावलेल्या दाराला आणखी एक कडी घालण्यासारखे आहे. अडथळा वाढतो, पण थोडाच. तयारीने आलेला चोर आपल्याबरोबर त्याच मॉडेलचा ईसीयू, इमोबिलायझर आणि चावी असा एकमेकांशी जुळलेला पूर्ण संच आणू शकतो, आणि अशा चोरापुढे रिकामी जागा भरलेल्या जागेपेक्षा सोयीचीच ठरते. ज्याला गाडी उचलून किंवा ओढून न्यायची आहे, त्याला तर इंजिन चालू होण्याची गरजच नसते. तुमच्या गाडीला केवळ यांत्रिक चावी असेल आणि इमोबिलायझर मुळीच नसेल, तरच ईसीयू काढण्याने मोठा फरक पडतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. अलार्मला चोर आल्यावर काहीतरी करायचे असते आणि त्यासाठी वीज लागते. इमोबिलायझरचे उलट आहे: त्याचे मूळ उत्तर ‘नाही’ असेच असते, आणि ‘हो’ म्हणण्यासाठी त्याला वीज आणि खरी चावी दोन्ही लागतात. बॅटरी पूर्ण उतरली, तरी इमोबिलायझरचे संरक्षण संपत नाही. अलार्मचे मात्र संपते. उभ्या गाडीत अलार्म, रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर आणि इतर संगणक मिळून सतत थोडी वीज खात असतात. ही गळती 25 मिलीअँपिअर धरली, तर दिवसाला 0.6 अँपिअर-तास होतात, आणि 45 अँपिअर-तासांची बॅटरी दोन महिन्यांत जवळजवळ रिकामी होते. ईसीयू काढल्याने ही गळती फारशी थांबत नाही, कारण ती प्रामुख्याने दुसऱ्या डब्यांतून होत असते. म्हणजे तुमच्या पाच महिन्यांपैकी निम्म्याहून अधिक काळ अलार्म मुका असेल, ही खरी काळजीची बाब आहे. त्यावर बॅटरीला देखभालीचा छोटा चार्जर लावून ठेवणे, स्टिअरिंगला किंवा चाकाला दिसेल असे यांत्रिक कुलूप लावणे आणि गाडी ओढून नेणे अवघड होईल अशा रीतीने भिंतीलगत उभी करणे, हे उपाय ईसीयू काढण्यापेक्षा अधिक कामाचे आहेत. स्वतंत्र बॅटरीचा जीपीएस ट्रॅकर असल्यास ओढून नेलेल्या गाडीचाही माग लागतो, आणि ईसीयू असण्या-नसण्याशी त्याचे काही देणेघेणे नाही.

तरीही ईसीयू काढायचाच असेल, तर इग्निशन बंद करून काही मिनिटे थांबावे, म्हणजे सगळे संगणक शांत होतात. त्यानंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि मगच कनेक्टर काढावा. इग्निशन चालू असताना कनेक्टर कधीही ओढू नये. अंगातील स्थिर वीज जावी म्हणून आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावावा, डबा कडेने धरावा, पिनांना बोट लावू नये. उघडा राहिलेला हार्नेसचा (तारांच्या जुडग्याचा) कनेक्टर धूळ आणि ओल यांपासून झाकावा. गंजलेली एक पिन पुढे महागात पडते. ज्या गाड्यांत बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवरच उघडते, त्यांच्या मालकांनी यांत्रिक चावीने कोणते दार उघडते हे तार सोडवण्याआधीच पाहून ठेवावे. अलार्म चालू ठेवून बॅटरी सोडवली, तर स्वतःची बॅटरी असलेला भोंगा लगेच वाजू लागतो. म्हणून तो रिमोटने आधी बंद करावा. शिवाय बॅटरी सुटली की अलार्मही गेला, हे वेगळे सांगायला नको. चार महिने त्याचे संरक्षण हवे असेल, तर ईसीयू काढून झाल्यावर तार पुन्हा जोडावी लागेल, म्हणजे बॅटरी उतरण्याचा प्रश्न परत तुमच्यापुढे येईल.

प्रश्न : पाणी शिरून माझ्या गाडीचा ईसीयू निकामी झाला. मेकॅनिकने त्याच मॉडेलच्या भंगारात निघालेल्या गाडीचा ईसीयू आणून बसवला. आता सेल्फ मारला की इंजिन सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. मेकॅनिक म्हणतात की, इमोबिलायझर कायमचा बंद करून टाकू, म्हणजे कटकट मिटेल. तसे करावे का?

उत्तर : करू नये. गाडीत बिघाड नाही. तुमची चोरीविरोधी व्यवस्था तिचे काम चोख करते आहे. भंगारातल्या त्या ईसीयूला त्याच्या जुन्या गाडीच्या इमोबिलायझरची ओळख आहे. तुमच्या गाडीचा इमोबिलायझर त्याच्या लेखी परका आहे. म्हणून तो इंधन तोडतो. काही गाड्यांत इंजिन क्षणभर चालून बंद पडते, काहींत सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, आणि काहींत सेल्फही फिरत नाही; कारण तिन्ही ठिकाणी एकच असते. स्कॅनरवर पी0513 हा कोड दिसला, तर इमोबिलायझरला चावी पटली नाही असा त्याचा अर्थ होतो. अनेक कंपन्या यासाठी स्वतःचे वेगळे कोडही वापरतात.

सरळ मार्ग असा, की निकामी ईसीयूतील स्मृतीची चिप शाबूत आहे का, हे आधी जाणकाराकडून तपासून घ्यावे. पाण्याने बहुधा वीजपुरवठ्याचा भाग किंवा पिना जळतात आणि स्मृती वाचण्याजोगी राहते. ती वाचता आली, तर तीच माहिती नेमक्या त्याच पार्ट नंबरच्या दुसऱ्या ईसीयूत उतरवतात, आणि मग गाडीच्या दृष्टीने डबा बदललेला नसतोच. चावी, इमोबिलायझर, गाडीचा ओळख क्रमांक, सारे जुळते. हा मार्ग बंद असेल, तर कंपनीकडून कोरा ईसीयू घेऊन अधिकृत केंद्रात तो गाडीशी जोडून घ्यावा. त्यासाठी गाडीचा गुप्त सुरक्षा क्रमांक लागतो आणि मालकीची कागदपत्रे दाखवावी लागतात. हा त्रास वाटला, तरी तो तुमच्याच हिताचा आहे. काही जुन्या व्यवस्थांत ही जोडणी उपकरणाशिवायही करता येते. उदाहरणार्थ, जनरल मोटर्सच्या पासलॉक पद्धतीच्या गाड्यांत चावी चालू स्थितीत ठेवून दहा-दहा मिनिटांची तीन आवर्तने पूर्ण केली की ईसीयू नवी ओळख स्वीकारतो. ही अर्ध्या तासाची वाट मुद्दाम ठेवलेली आहे, कारण मालकाला तेवढा वेळ असतो आणि चोराला नसतो.

भंगारातल्या गाडीचा ईसीयू, मीटर, इमोबिलायझर आणि चावी असा पूर्ण संच उचलून बसवण्याचा तोडगाही तुमच्या कानावर येईल. त्याने गाडी चालते. मात्र मीटर बदलल्याने किलोमीटरचा आकडा खोटा होतो, दारांना एक चावी आणि इंजिनाला दुसरी अशी स्थिती येते, आणि ईसीयूमधील ओळख क्रमांक चेसिसवरच्या क्रमांकाशी जुळत नाही. पुढे गाडी विकताना किंवा तपासणीच्या वेळी ही विसंगती तुम्हालाच समजावून सांगावी लागेल.

इमोबिलायझर कायमचा बंद करणे म्हणजे ईसीयूच्या प्रोग्रॅममधून चावी विचारण्याची पायरीच काढून टाकणे. त्यानंतर केवळ आकार जुळणारी कोणतीही चावी, किंवा मोडून फिरवलेले कुलूप, इंजिन सुरू करण्यास पुरेसे होते, आणि गाडीकडे पाहून हे कोणालाच कळत नाही. तुम्हालाही हळूहळू त्याचा विसर पडतो. याचा परिणाम किती मोठा असतो, हे अमेरिकेत सर्वांसमोर आले. तिथे 2015 सालच्या किआ आणि ह्युंदाई मॉडेलांपैकी केवळ 26 टक्क्यांत इमोबिलायझर मुळापासून दिलेला होता, तर इतर कंपन्यांत हे प्रमाण 96 टक्के होते. अशा चावीवर चालणाऱ्या, इमोबिलायझर नसलेल्या गाड्या किती सहज नेता येतात याच्या चित्रफिती 2021 नंतर समाजमाध्यमांवर पसरल्या आणि त्या गाड्यांच्या चोऱ्या इतक्या वाढल्या, की 2023 मध्ये दोन्ही कंपन्यांना मोफत सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर करावी लागली. एका चिपेच्या अभावाने हे घडले. तुमच्या गाडीत ती चिप आहे. ती मुद्दाम निकामी करून घेण्यासारखे कोणतेही कारण तुमच्या पत्रात मला दिसले नाही. विमा कंपनीपासून असा बदल लपवला आणि पुढे गाडी चोरीला गेली, तर दाव्याच्या वेळी त्यावरून वाद उभा राहू शकतो, हेही मेकॅनिकला होकार देण्याआधी विचारात घ्यावे.

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीतील फ्युएल इंजेक्शनची जुनी गाडी आहे. तिचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून संगणक पूर्ण काढून कार्ब्युरेटर आणि साधे डिस्ट्रिब्युटर बसवण्याचा विचार आहे. चावीतली चिप आणि डॅशबोर्डवरचा सुरक्षेचा दिवा तसाच राहणार आहे. चोरीविरोधी सोय चालू राहील ना?

उत्तर : दिवा राहील, सोय राहणार नाही. इमोबिलायझर चावी तपासत राहील आणि निकालही देईल, पण तो निकाल ऐकून इंधन तोडणारा कोणी उरलेला नसेल. काही जुन्या गाड्यांत इमोबिलायझरचा डबा सेल्फची किंवा पेट्रोल पंपाची तार स्वतःच तोडत असे. तुमच्या गाडीत तशी रचना असेल, तर तेवढा भाग वाचवता येतो. 1986 च्या मॉडेलपासून कॉर्वेट या अमेरिकी गाडीत आलेली, चावीत रोधक बसवलेली व्यवस्था याच जातीची होती: 15 ठरावीक मूल्यांपैकी योग्य मूल्याचा रोधक चावीत सापडला, तरच सेल्फला वीज मिळे. वायरिंगच्या नकाशावरून तुमच्या गाडीतील इमोबिलायझरची तार नेमकी कुठे जाते, ते आधी पाहून घ्यावे.

ती केवळ ईसीयूकडे जात असेल, तर सेल्फ, इग्निशन कॉइल आणि पेट्रोल पंप यांपैकी किमान दोन परिपथ स्वतंत्रपणे तोडणारा बाजारातला इमोबिलायझर, बदल करतानाच, त्याच वायरिंगमध्ये बसवून घ्यावा; नंतर बसवू म्हटले की ते राहून जाते. आणखी एक सूचना या निमित्ताने करावीशी वाटते. इंजिन थांबले की पेट्रोल पंप थांबवण्याचे कामही आजवर ईसीयू करत होता. तो काढल्यावर पंप थेट इग्निशनला जोडला, तर अपघातात इंजिन बंद पडूनही पेट्रोल वाहत राहील. इंजिनाच्या ठिणगीवर लक्ष ठेवून पंप तोडणारा रिले मिळतो, तो अवश्य घालावा. पंपही बदलावा लागेल, कारण इंजेक्शनला साधारण 3 बार दाब लागतो आणि कार्ब्युरेटरला 0.2 ते 0.3 बार पुरतो. इंधनपद्धतीतील असा बदल तुमच्या भागातील नियमांत बसतो का, ही चौकशी काम सुरू करण्यापूर्वी करावी.

प्रश्न : बॅटरी बदलल्यावर गाडीतील म्युझिक सिस्टीम कोड मागू लागली. ईसीयू दुरुस्तीसाठी काढला, तर इमोबिलायझरही असाच कोड मागत बसेल का?

उत्तर : नाही. म्युझिक सिस्टीमची वीज तुटली, की आपल्याला गाडीतून उपटून नेले आहे असे ती मुद्दाम समजते आणि कोडवाचून बोलत नाही; चोराने ती काढून विकू नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. इमोबिलायझरची ओळख विजेवर अवलंबून नसल्यामुळे तोच ईसीयू परत आला की गाडी नेहमीच्या चावीने सुरू होईल. दुरुस्तीला देताना मात्र ईसीयूवरचा पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर यांचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि परत आलेला डबा आपलाच आहे याची खात्री करून घ्यावी. तो बदलला गेला असेल, तर वरच्या दुसऱ्या पत्रातील लेखकांसारखीच स्थिती तुमच्यावर येईल. म्युझिक सिस्टीमचा कोड बहुधा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील कार्डावर छापलेला असतो. तो अंदाजाने टाकू नये, कारण काही चुकीच्या प्रयत्नांनंतर यंत्र बराच वेळ काहीच स्वीकारत नाही. कार्ड हरवले असेल, तर सिस्टीमवरचा सिरीयल नंबर आणि मालकीची कागदपत्रे घेऊन अधिकृत केंद्रात जावे.